पासवर्ड झेरॉक्सवाल्याकडे

आमच्या चिरंजीवांची शाळा या जूनपासून कागदमुक्त झाली. ही बातमी शाळेने आम्हाला दोन पानी छापील पत्रकातून कळवली. पत्रकाखाली पालकांच्या सहीसाठी तुटक रेघ होती आणि 'सही केलेल्या पत्रकाच्या दोन झेरॉक्स काढून एक वर्गशिक्षिकांकडे व एक कार्यालयात जमा करावी' अशी ठळक टाइपातली सूचना होती. यापुढे गृहपाठ, हजेरी, फी, रजेचा अर्ज, प्रगतिपुस्तक, सगळं एका ॲपवर येणार होतं.

पत्रक वाचून झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण मी आयटीत आहे.

रोज सकाळी डोंबिवलीहून ठाणे गाठायचं, जिना चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जायचं आणि ऐरोलीच्या गाडीत स्वतःला कोंबायचं, एवढं जो करतो तो डोंबिवलीत 'आयटीत' धरला जातो. मी त्यातली टेस्टिंगवाली. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. स्वभाव आणि नोकरी यांचा इतका चांगला मेळ आपण दुसरीकडे पाहिला नाही, असं आमच्या सासूबाईंचं मत आहे. सोसायटीला मात्र टेस्टिंग, नेटवर्किंग, हार्डवेअर असले भेद मान्य नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा मिक्सर बंद पडला तरी त्या आधी आमची बेल वाजवतात. त्यामुळे पालकसभेत, 'तुम्ही आयटीत ना? मग ॲपसाठी पालक-प्रतिनिधी तुम्हीच,' हा ठराव चहा यायच्या आतच मंजूर झाला.

ॲपमध्ये शिरायला ओटीपी लागतो. तो शाळेत नोंदवलेल्या नंबरवर येतो. शिशुवर्गाच्या प्रवेश अर्जात 'तातडीच्या वेळी घरी कोण असतं?' असा रकाना होता आणि त्यात आम्ही मोठ्या कौतुकाने आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, नंबर दिला होता. तो बदलायचा तर ॲपमध्ये शिरावं लागतं. ॲपमध्ये शिरायचं तर ओटीपी लागतो. आणि आई सकाळी गणेश मंदिरात, दुपारी झोपेत आणि संध्याकाळी भजनी मंडळात असतात.

"आई, ओटीपी आला का?"

"आलाय. घे लिहून. एकोणसत्तर, त्र्याण्णव, एकोणऐंशी."

मी मराठी माध्यमातलीच. पण कंपनीत 'सिक्स नाइन, नाइन थ्री' करून करून माझं सगळं 'एकोण' खातं ढिलं झालंय. एकोणसत्तर साठीतला की सत्तरीतला हे ठरेपर्यंत तीस सेकंदं संपतात आणि नवा ओटीपी निघतो. त्यातही एकोणनव्वद असतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'साठ नऊ' अशी वाचायची सोय केली तेव्हा महाराष्ट्रभर किती चेष्टा झाली होती! त्या चेष्टेत मीही हिरिरीने सामील होते. आता सांगते, त्या पुस्तकवाल्यांना ओटीपीचं भविष्य दिसलं होतं.

ॲप उघडल्यावर मी माझ्या धंद्याच्या सवयीने त्यातले दोष काढले. पायरी क्रमांक, काय व्हायला हवं होतं, काय झालं, स्क्रीनचे फोटो, असा रीतसर अहवाल करून शाळेला पाठवला. कंपनीत असल्या अहवालावर लोक बैठका घेतात. शाळेकडून एका ओळीचं उत्तर आलं: "मॅडम, मोबाइल बंद करून परत चालू करा." हेच वाक्य मी ऐरोलीत दिवसभर लोकांना ऐकवते. ऐकणाऱ्याला ते इतकं लागत असेल याची मला कल्पना नव्हती.

सहावीचा गृहपाठ आता असा होतो. बाई फळ्यावर लिहितात आणि फळ्याचा फोटो ॲपवर टाकतात. फोटोत डावीकडे खिडकीचा उजेड पडून पहिले दोन प्रश्न नाहीसे झालेले असतात, उजवीकडे बाईंचा अंगठा असतो. उरलेलं चिरंजीव मोबाइलमधून उतरवून घेणार, तेवढ्यात त्याच ॲपवर 'मुलांच्या हातातला मोबाइल कसा सोडवावा' हे शाळेचं व्याख्यान सुरू होतं. मग मी त्याच्या हातातला मोबाइल सोडवते आणि फोटोची प्रिंट आणायला खाली जाते. प्रिंट बघून तो वहीत लिहितो. मग वहीच्या पानाचा फोटो काढायचा.

तो फोटो मी जेवणाच्या टेबलावर काढते. वही ठेवली की ट्यूबलाइट नेमकी माझ्या पाठीमागे येते आणि भागाकारावर माझ्या अंबाड्याची सावली पडते. जरा बाजूला सरकलं की पंख्याची पाती अपूर्णांकांवरून फिरायला लागतात. पंखा बंद केला की घरातले सगळे एका सुरात ओरडतात. पान उलटू नये म्हणून एका कडेला साखरेचा डबा आणि दुसऱ्या कडेला आईंच्या चष्म्याचं घर ठेवायचं. एवढं करून फोटो निघाला की तो दोन एमबीच्या वर जातो, म्हणून ॲप घेत नाही. लहान करून पाठवावा तर 'अस्पष्ट, पुन्हा पाठवा'. एकदा घाईत टेबलावरची नाश्त्याची बशीही फोटोत आली. बाईंचा शेरा आला: "उदाहरण ३ चूक. पोह्यांवर खोबरं छान दिसतंय."

आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सूचना: 'ॲपवर नीट दिसत नसल्याने सर्वांनी वह्या शाळेत पाठवाव्यात.'

या सगळ्यात चिरंजीव कुठे असतात, असा प्रश्न कोणालाही पडेल. ते बाजूच्या खुर्चीवर पाय हलवत बसलेले असतात आणि मधूनमधून मला सांगतात, "आई, थोडा वरून काढ."

आता खालच्या दुकानाविषयी. पिठाची गिरणी आणि इस्त्रीवाला यांच्यामध्ये एका माणसाला कडेने उभं राहता येईल एवढा गाळा. वर पाटी: झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्जंट फोटो, पॅन, आधार, रेल्वे बुकिंग, अकरावी प्रवेश, शालेय प्रोजेक्ट तयार मिळतील. आत एक काका, मशीनचा गरम वास आणि बोटांना घातलेला रबरी टोप. तयार प्रोजेक्टचे दर ठरलेले आहेत. 'माझा आवडता शास्त्रज्ञ' साठ रुपये, 'जलप्रदूषण' चाळीस, रंगीत हवं असेल तर दहा जास्त. 'कागद वाचवा, झाडे वाचवा' हा सर्वांत जाड. तो एका बाजूनेच छापलेला असतो. पाठपोट छापलं तर बाई गुण कापतात.

काकांकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबोडी वही आहे. एका संध्याकाळी ॲप 'पासवर्ड चुकीचा आहे' म्हणून हटून बसलं, तेव्हा मी सहज तक्रारीच्या सुरात त्यांना सांगितलं. त्यांनी वही उघडली आणि टोपवाल्या बोटाने ओळ शोधली.

"बी विंग, तीनशे दोन. बरोबर आहे. तुमचा पासवर्ड मी रविवारी बदलला."

"तुम्ही?"

"सासूबाई आल्या होत्या फी भरायला. जुना फारच सोपा होता हो. मुलाची जन्मतारीख! आयटीत ना तुम्ही?"

"मग आता काय ठेवलाय?"

"अख्ख्या बी विंगचा एकच ठेवलाय. लक्षात राहायला बरा पडतो."

आमच्या कंपनीत दर तीन महिन्यांनी सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण असतं. त्यात अंधाऱ्या खोलीत काळी टोपी घालून बसलेल्या हॅकरचं चित्र दाखवतात. शेवटच्या परीक्षेत मला दर वेळी पैकीच्या पैकी मिळतात. आमच्या गल्लीचे सगळे पासवर्ड ज्यांच्याकडे आहेत ते गृहस्थ मात्र अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घालतात, आणि सुटे नसले की चॉकलेट देतात.

हे सगळं मी घरी तावातावाने सांगितलं तर आईंना त्यात विशेष काही वाटलं नाही. त्या कल्याणच्या एका शाळेत उभी हयात शिक्षिका होत्या. शाळेत नवीन यंत्र आलं की त्याची चावी कोणाकडे तरी असतेच, हा त्यांचा अनुभव. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनवरून मुलांसाठी कार्यक्रम यायला लागले, तेव्हा त्यांच्या शाळेतही टीव्ही आला. मुलांनी हात लावू नये म्हणून त्याला सागवानी कपाट केलं, कपाटाला कुलूप घातलं, आणि चावी मुख्याध्यापकांकडे दिली. कार्यक्रमाच्या वेळी मुख्याध्यापक हटकून ठाण्याला बैठकीला गेलेले असायचे. मुलं कपाटासमोर मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून, कार्यक्रमाची वेळ संपेपर्यंत बंद दारांकडे बघत बसायची. "शिस्त मात्र फार छान लागली त्या टीव्हीमुळे," आई सांगतात. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. कपाट अजून मजबूत आहे. त्यात आता शाळेला मिळालेले टॅब ठेवतात, आणि चावी अर्थातच मुख्याध्यापकांकडे असते.

पुढे २०१५ मध्ये 'सरल' आलं. राज्यातल्या प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरायची. नाव, आधार, रक्तगट, उंची, वजन, बँकेचं खातं. दिवसा सगळेच बसतात म्हणून गती मिळत नाही, रात्री दोन वाजता सर्व्हर मोकळा असतो, असा शोध कोणा शिक्षकाने लावला. तो एका रात्रीत महाराष्ट्रभर पसरला आणि दुसऱ्या रात्रीपासून सगळे शिक्षक दोन वाजता बसायला लागले. आमचे सासरे हयात होते तेव्हा. मध्यरात्री त्यांना जाग आली तर आई अंधारात फोनवर हळू आवाजात बोलत होत्या.

"गेला का?... माझा मघाशीच गेला... अगंबाई, तुमचा अजून अडकलाय?... देवाची कृपा म्हणायची, सुटलात."

सासऱ्यांनी निमूटपणे उठून पांढरा सदरा शोधायला घेतला. आठवी ब चा तक्ता गेलाय हे कळेपर्यंत त्यांनी दोन शेजाऱ्यांनाही उठवलं होतं.

पण आईंचा खरा आवडता आदेश नोव्हेंबर २०१६चा. शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांच्या दहा-दहाच्या गटाबरोबर सेल्फी काढून 'सरल'वर चढवावा. मुलं शाळेत येतात की नाही हे त्यावरून कळणार होतं. आईंच्या वर्गात पंचेचाळीस पोरं. चार गट झाले की पाच उरतात, आणि त्या पाचांनी 'आम्हाला पण दहा करा' म्हणून गळा काढला. शिवाय आईंचा हात आखूड. फोटोत पुढे त्यांचं कपाळ, मागे फळा आणि मध्ये कुठेतरी तीन पोरांचे भांग, एवढंच यायचं. म्हणून त्यांनी कल्याण स्टेशनबाहेरून एक सेल्फी स्टिक घेतली. शिक्षकांनी आरडाओरडा केला आणि आदेश सुरू होता होताच गुंडाळला गेला. स्टिक मात्र आली ती आलीच. शेजारच्यांच्या कंपाउंडमधली जास्वंद गच्चीच्या कठड्यावरून ओढायला तिच्याइतकं चांगलं साधन नाही. शिक्षणातलं तंत्रज्ञान वाया जात नाही असं कोणी म्हणालं की मला रोजची देवपूजा आठवते.

माझ्या पिढीनेही काही कमी भक्ती केलेली नाही. नव्वदच्या दशकात आमच्या शाळेची संगणक खोली देवघरासारखी होती. चपला बाहेर, हात धुतलेले, आणि स्पर्श फक्त पुजाऱ्याने, म्हणजे सरांनी करायचा. शाळेतला एकमेव एसी त्या खोलीत होता, त्यामुळे शिक्षकांना संगणकाची फार गोडी लागली होती. एका यंत्रापुढे तिघं. एक माऊस धरणार, एक कीबोर्ड, तिसऱ्याने 'आता काय झालं?' विचारायचं. मी कायम तिसरी होते. टेस्टिंगमध्ये करिअर त्यातूनच झालं.

आमच्या ह्यांनी एमएस-सीआयटी केलं ते भारनियमनाच्या ऐन भरात. २००१ साली एमकेसीएल निघाली, तो कोर्स आला आणि महाराष्ट्रातल्या गल्लोगल्ली संगणकाचे क्लास उघडले, पण डोंबिवलीत दिवे कधी जातील याचं वेळापत्रक त्या अभ्यासक्रमात नव्हतं. ह्यांचा नोकरीचा अर्ज टाइप करता करता 'आपला विश्वासू'च्या आधी असंख्य वेळा अंधार झाला. आजही हे दर ओळीनंतर 'सेव्ह' करतात. व्हॉट्सॲपवर सेव्हचं बटण का नाही, याचं त्यांना मनापासून दुःख आहे.

मग करोना. जून २०२०मध्ये चिरंजीव पहिलीत गेले, म्हणजे बैठकीच्या खोलीतून बेडरूममध्ये गेले. सरकारने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी अभ्यासमाला सुरू केली. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायला लागलं, आणि मला वाटतं त्या वर्षभरात त्याला जे काही आलं ते तिथूनच, कारण टीव्हीला 'म्यूट' करा म्हणून कोणी सांगत नव्हतं. ऑनलाइन वर्गात सकाळची प्रार्थना चाळीस मुलं एकाच वेळी सुरू करायची आणि चाळीस वेगवेगळ्या वेळी संपवायची. शेवटचा मुलगा शांततेसाठी हात जोडायचा तोवर पहिल्याचा डबा खाऊन झालेला असायचा. पी.टी.चे सर म्हणाले, "जागच्या जागी धावा." चिरंजीव जागच्या जागी धावले, आणि पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचे काका मास्क लावून दारात उभे.

त्या काळातली पालकसभा मी विसरणार नाही. हे बँकेत, त्यामुळे लोकलची परवानगी होती. मला त्याच वेळी कंपनीची बैठक होती म्हणून सभा ह्यांच्या गळ्यात. फास्ट गाडी ठाण्याहून सुटली, कळवा मागे पडलं, आणि कानातल्या यंत्रातून बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलाविषयी जरा गंभीर बोलायचंय, ऐका—" इथे पारसिकचा बोगदा आला. १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. इंग्रजांनी तो खणताना नेटवर्कचा काहीही विचार केला नव्हता. गाडी पलीकडे निघाली तेव्हा बाई म्हणत होत्या, "—तेवढं प्लीज घरी बघा. बाकी गोड आहे. पुढचे पालक?"

हे घरी आले ते पांढरेफटक पडून. गंभीर काय? खोटं बोलतो? चोरी? आम्ही त्याच्याकडे चोरून बघायला लागलो. त्याने दूध सांडलं तरी आम्ही एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहायचो. ह्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचे नंबर काढले, आईंनी नवस बोलला. बऱ्याच महिन्यांनी शाळा उघडली तेव्हा मी धीर करून बाईंना विचारलं. त्या आठवून आठवून हसल्या. "अहो, त्याचा कॅमेरा नेहमी छताकडे असायचा. तुमचा पंखा फार मळलाय, एवढंच सांगायचं होतं. वर्गातली सगळी मुलं तो बघत बसायची."

त्याच साथीत १६ जुलै २०२१ला दहावीचा निकाल लागला. परीक्षा झालीच नव्हती. ९९.९५ टक्के मुलं पास झाली आणि निकालाची संकेतस्थळं तासन् तास कोसळून पडली. म्हणजे त्या वर्षी परीक्षेला बसलं एकटं तंत्रज्ञान, आणि तेच नापास झालं. समोरच्यांची लेक दिवसभर 'पेज उघडत नाही' म्हणून रडत होती. शेवटी संध्याकाळी झेरॉक्सवाल्या काकांनी निकाल मिळवला, त्याची प्रिंट काढली आणि स्वतः पेढा आणून दिला. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातही त्यांचा असाच हातखंडा आहे. आमच्याकडे मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात हे २००९पासून चालू. २०२५मध्ये हा लाभ अख्ख्या महाराष्ट्राला झाला. नोंदणीचा दिवस २१ मे ठरला, संकेतस्थळ उघडेना, आणि मुहूर्त २६ मेवर गेला. साताऱ्याहून माझ्या मावसबहिणीचा रडकुंडीला आलेला फोन. मी म्हटलं, "तुमच्याकडे चांगला झेरॉक्सवाला आहे का? मग रडू नकोस."

तंत्रज्ञान चालत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. चालतं, हे बघायला फार लांब जावं लागत नाही. आमच्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यावर, संदीप गुंड नावाच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने डिजिटल शाळा उभी केली आणि राज्यभरचे लोक ती बघायला गेले. सोलापूरकडच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले आणि डिसेंबर २०२०मध्ये दहा लाख डॉलरचं जागतिक पारितोषिक मिळवलं. वर त्यातले अर्धे पैसे सोबतच्या स्पर्धकांत वाटून टाकले. पाड्यावर जमलं, वाडीवर जमलं. डोंबिवलीत अडचण अशी की क्यूआर कोड पुस्तकात असतो आणि मोबाइल कोपरच्या पुढे गेलेल्या गाडीत. संध्याकाळी मोबाइल घरी येतो. धड्याचं चलचित्र दोन मिनिटांत संपतं, आणि त्याखाली आपोआप लागलेली क्रिकेटची चलचित्रं जेवायला हाक मारेपर्यंत चालतात. हे पण शेजारी बसून अभ्यास घेत असतात.

नणंदेचं सगळंच पुढारलेलं. ती ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. तिच्या मुलाच्या शाळेत प्रत्येकाला टॅब आहे. पुस्तकं आहेतच, त्यांत टॅब आणि चार्जरची भर पडल्यामुळे दप्तर आता त्याचा बाप उचलतो. परवा त्याला 'माझी आजी' हा निबंध होता. त्याने तो एआयकडून लिहून घेतला आणि आईंना पाठवला. माझी आजी नऊवारी नेसते, पहाटे उठून जात्यावर दळते, चुलीवर भाकऱ्या थापते आणि मला मांडीवर घेऊन गोष्टी सांगते. आईंनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"चूल? माझ्याकडे इंडक्शन आहे. आणि हा घोडा माझ्या मांडीवर? गुडघ्यांचं काय?"

पण 'उत्कृष्ट, भावस्पर्शी' असा शेरा मिळालेला बघून त्या जरा विरघळल्या. तो शेराही एआयनेच दिला होता, हे मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फडके रोडला त्या नऊवारीच्या किमती विचारून आल्या.

सध्या आमच्याकडे 'अपार' चालू आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचा देशभर चालणारा एकच क्रमांक. त्यासाठी शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. आमच्या चिरंजीवांच्या नावात इंग्रजीत शाळेत एक 'ए' आहे, आधारवर दोन. शाळा म्हणते, आधार दुरुस्त करून आणा. आधारवाले म्हणतात, शाळेचा दाखला आणा. दाखल्यावर एक 'ए'. शाळेतलं बदलायचं तर आधार दाखवा. आधारवर दोन 'ए'. मी आणि हे सुट्टी काढून या 'ए'ला घेऊन कल्याण-डोंबिवली फिरलो. शेवटी काकांकडे.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. "चूक कोणाची, हे कोणीच कबूल करणार नाही," ते म्हणाले. "त्यापेक्षा मुलाचंच नाव बदलू. गॅझेट करून देतो. तिसरंच काहीतरी ठेवा, ज्यात 'ए'च नको."

ह्यांनी विचार करायला चार दिवस मागून घेतले.

आणि अशात शाळेने 'सायबर सुरक्षा आणि सजग पालक' या विषयावर माझं व्याख्यान ठेवलं. प्रतिनिधी ना मी! ऑफिसच्या प्रशिक्षणातलं सगळं ओतून मी झकास सादरीकरण केलं, हॅकरच्या टोपीसकट. सभागृहात नवा स्मार्टबोर्ड. तो सुरू करायचा रिमोट कपाटात, आणि कपाटाची चावी ज्या सरांकडे ते मतदारयाद्यांच्या कामाला गेलेले. म्हणून मग सादरीकरणाच्या झेरॉक्स काढल्या आणि एकेका पालकाला वाटल्या. बोर्ड काळाभोर असल्याने त्यात पहिल्या रांगेतल्या बायकांना केस सारखे करता येत होते, तेवढा उपयोग झाला.

"पासवर्ड," मी आवाज चढवून म्हटलं, "कोणालाही सांगायचा नाही. नवऱ्यालाही नाही. कुठेही लिहून ठेवायचा नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि हळूच डावीकडे बघितलं. तिथे काका बसले होते. कार्यक्रमाचा फ्लेक्स त्यांनी छापला होता म्हणून विशेष निमंत्रित. शेवटी 'काही शंका?' विचारल्यावर त्यांनीच हात वर केला.

"मॅडम, मुद्दा एकदम पटला. ती वही रात्री दुकानात ठेवणं बरोबर नाही. शटर कच्चं आहे. इथे शाळेच्या कपाटात ठेवली तर चालेल का?"

"ठेवा की," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी चावीसाठी शिपायाला हाक मारली.